एकही फट राहता कामा नये

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… सूनबाई होय. मग नीट बोल की. फोन कानाला लावून नुसते सुस्कारे सोडायचे असतात का?

हं, सांग. थंडीसाठी घर तयार झालं का? काल एवढी कानीकपाळी ओरडले, की तुमचं घर म्हणजे नुसती चाळण आहे…

हो… हो… खिडक्यांच्या फटींत कापडाच्या पट्ट्या. खळीने चिकटवल्यास ना?… बरं. आणि वरून प्लॅस्टिक… खिळे ठोकून? शाब्बास! दाराखाली?… जुन्या गोधडीची गुंडाळी. उत्तम. उशिरा का होईना, शहाणपण आलं म्हणायचं.

काय?… अगं, खिडक्यांचं आत्ताच सांगितलंस. पुढे बोल.

पुन्हा तेच! माझी थट्टा चालवली आहेस का?… मग शब्द असे चघळत का बोलतेस? कालच्या बोलण्याचा राग आला असेल, तर तोंडावर सांगावं. घुम्यासारखं बसून सासूला शिक्षा करण्याची रीत आपल्या घरात नाही.

डोकं दुखतंय?… दुखेल. दिवसभर मान वर करून फटी बुजवल्यास, मान अवघडणारच. माझीही अवघडायची, पण मी कधी कोणाला… मळमळतंय? म्हणजे… काही गोड बातमी तर नाही ना?… बरं बरं, नाही तर नाही. विचारलं फक्त.

छकुली कुठे आहे? तिचा आवाज नाही तो.

झोपली? या वेळी? संध्याकाळी तर ती घर डोक्यावर घेते… दूध प्यायली का?… उठलीच नाही म्हणजे? तू हलवलंस तरी?

सूनबाई. त्या खोलीत आणखी काय आहे?

शेगडी… मी पाठवलेली, कोळशाची. ती पेटलेली आहे? तुम्ही दोघी आहात त्याच खोलीत?… हो, धूर नसणारच, निखारे फुलल्यावर धूर नसतो. ठाऊक आहे मला. पण भिंतीत, छताजवळ हवेची जाळी आहे ना तुमच्या? ती तरी उघडी असेल?

…

चिंध्या कोंबल्यास.

हो. मीच म्हणाले, एकही फट राहता कामा नये. माझेच शब्द आहेत. अगं, पण माझ्या घराला धुराडं आहे! तुमच्याकडे ते नाही, हे माझ्या ध्यानातच… ते राहू दे. ऐक. कोळशाची हवा विषारी असते. आत्ताच्या आत्ता ऊठ.

बसून नाही, ऊठ! पाय जड झाले असतील तरी ऊठ. भिंत धर… धरलीस? छकुलीला उचल. शेगडीला हात लावू नकोस. खिडकीच्याही नादी लागू नकोस, खिळे निघायचे नाहीत. दाराकडे चल.

काय म्हणालीस?… ऊब जाईल? चुलीत गेली ती ऊब! दार उघड!

नाही, क्षणभरसुद्धा डोळे मिटायचे नाहीत. लग्न झाल्यापासून तू माझं एक अक्षर ऐकत नाहीस, असं मी सगळ्यांना सांगत आले. काल ऐकलंस, ते नेमकं नको ते. आता हे एवढं ऐक, मग जन्मभर ऐकू नकोस.

गोधडी पायाने लोट. कडी काढ… घट्ट बसली? रेट खांद्याने. हं, पुन्हा! पुन्हा…

कसला आवाज झाला? सूनबाई?… हॅलो? हॅलो! अगं, बोल काहीतरी! शिव्या दे मला, पण बोल!

…

कोण? समोरच्या शिंपीणबाई का? अहो, मी हिची सासू. कुठे आहे ती?… उंबऱ्यात पडली? शुद्धीवर आहे?… आणि मूल? मूल बघा हो आधी! उघड्यावर न्या दोघींना. शालबिल राहू द्या, आधी मोकळी हवा लागू द्या. छकुलीला नावाने हाक मारा, मोठ्याने… उठत नाही? मग फोन धरा तिच्या कानाशी.

छकुले… आजी बोलतेय. डोळे उघड बघू. छकुले! आजीशी असं वागतात का गं? उघड डोळे…

तो… तो तिचाच आवाज ना? रडतेय?… रडू द्या! कोणी गप्प करू नका तिला.

हो, हो, आहे मी. खाली बसले, एवढंच.

शिंपीणबाई, दोघींना लगेच दवाखान्यात न्यायला हवं. डोळे उघडले म्हणून निभावलं असं नाही. तुमच्या यजमानांना गाडी… निघालेसुद्धा? फार उपकार झाले. हिच्या नवऱ्याला कामावर मी कळवते. जरा सूनबाईला द्या.

बाळ, ऐकू येतंय का?… हळू, हळू. बोलू नकोस, ऐक. डॉक्टर विचारतील, खोली अशी कोणी बंद केली. सांगायचं, सासूने करायला लावली. शेगडीही तिचीच… नाही, माझी अब्रू झाकायची नाही. तू अर्धवट सांगशील, तर उपचारही अर्धवट होतील… अगं, मी म्हणते म्हणून सांग!

काय?…

नाही गं. तुझं काही चुकलं नाही. तू अगदी मी सांगितलं तसंच केलंस.

गाडी आली? मग जा. माझ्याशी बोलत काय थांबलीस!… नको, तूच ठेव फोन. माझ्याने ठेववत नाही.