फोटोखालची ओळ

मुलगी : फोटो देते, सर. पण पुस्तकात बाबांच्या फोटोखाली काय छापणार, ते आधी वाचून दाखवा.

लेखक : अजून कच्चं आहे, ताई. नाट्यगृहाचा सबंध इतिहास आहे, त्यात आगीचं एवढंसं प्रकरण...

मुलगी : तेच वाचा.

(लेखक पिशवीतून कागद काढतो.)

लेखक : 'आग लागली तेव्हा बाजूच्या दाराला कुलूप होतं. डोअरकीपरने ते न उघडताच पळ काढला, असं सांगतात. आत चौघं गुदमरून गेली.'

मुलगी : कोण सांगतात?

लेखक : तेव्हाचे मॅनेजर.

मुलगी : एकटेच?

लेखक : हो, एकटेच.

मुलगी : मग हे 'सांगतात' त्यांना मान म्हणून, की सगळं गाव सांगतंय असं वाटावं म्हणून?

लेखक : ...वाटावं म्हणूनच.

मुलगी : दुसऱ्या कोणाला विचारलंत?

लेखक : विचारलं ना. बुकिंगवरच्या बाई म्हणाल्या, फुकटे शिरतात म्हणून मॅनेजरनीच कुलूप घालायला लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. लाइटवाले म्हणतात, किल्ली तुमच्या बाबांकडेच असायची, पण ते पळाले नाहीत. दाराला खांदा देत होते.

मुलगी : हे कुठल्या पानावर आहे?

लेखक : नाही घेतलं. प्रकाशकांच्या वकिलांनी काढायला लावलं. मॅनेजर हयात आहेत, मोठं प्रस्थ आहे. अब्रुनुकसानीचा दावा ठोकतील म्हणाले.

मुलगी : आणि आमच्याबद्दल काय म्हणाले वकील?

लेखक : ते राहू द्या, ताई.

मुलगी : नाही, सांगा.

लेखक : म्हणाले, त्यांच्या घरचं कोणी कोर्टाची पायरी चढणार नाही.

मुलगी : यावर तुम्ही काय म्हणालात?

लेखक : मान डोलावली.

मुलगी : बरोबर बोलले ते. नाहीच चढणार आम्ही. आई दुकानात गेली की बायका बाजूला सरकायच्या, सर. तेव्हा नुसती कुजबुज होती. आता छापील मिळेल.

लेखक : ती ओळ आजच काढतो. तुमचे बाबा निर्दोष होते, असं स्पष्ट...

मुलगी : असं कुठं म्हणाले मी? मला माहीत नाही. त्या दाराबद्दल बाबा मरेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. फक्त घरात कोणाला आतून कडी लावू द्यायचे नाहीत. पळालेही असतील.

लेखक : मग मी लिहू काय?

मुलगी : तिघांनी जे सांगितलं ते. कोणी डोळ्यांनी पाहिलं, कोणी नुसतं ऐकलं, तेही. तुम्हाला उमगलं नसेल, तर उमगलं नाही म्हणा. त्यात कसली लाज?

लेखक : मॅनेजरांकडे परत जावं लागेल. बाकीचे काय म्हणतात ते तोंडावर सांगून त्यांचं उत्तर घ्यावं लागेल. आणि तरीही वकील नको म्हणाले तर?

मुलगी : तर कोणावरच ठपका नको. दार बंद होतं, चौघं गेली. एवढंच छापा.

लेखक : कबूल. खरं तर लेखणी उचलण्याआधीच यायला हवं होतं इथं. तुमचं घर कुठं, तेच ठाऊक नव्हतं हो.

मुलगी : फोटो हवा होता तेव्हा सापडलं.