उशीवर बसून धरलेला ब्रेक

चिमणी : पण आजोबा, वरून तर गाडीच्या ब्रेकची ही नळी चांगली दिसतेय! चिकटपट्टी गुंडाळा नि निघूया. आईला भेटून चार महिने झाले.

आजोबा : वरून मीही चांगलाच दिसतो. वाकवून बघ तिला. दिसलं काही?

चिमणी : भेगा आहेत. अगदी केसाएवढ्या.

आजोबा : ब्रेक दाबला की आतलं तेल तिथंच जोर करतं. नळी बेडकासारखी फुगते, नि चाक काही थांबत नाही. तुझी आई काम करते त्या दवाखान्यापर्यंत अख्खा घाट उतरायचाय.

चिमणी : आणि हा लोखंडी पाइप? तोही बदलणार? झालं, आज काही आपण पोचत नाही!

आजोबा : बोट फिरव त्याच्यावरून. काय लागलं?

चिमणी : गंज. पापुद्राच निघाला.

आजोबा : मग तूच सांग, ठेवायचा का?

चिमणी : ...बदला. पण भराभर हं.

(दोन तासांनी. नव्या नळ्या आणि नवा पाइप बसले आहेत. चिमणी चालकाच्या जागेवर, पाय पोचावा म्हणून उशीवर बसलेली, आजोबा मागच्या चाकापाशी.)

आजोबा : आता आत शिरलेली हवा काढायची. ब्रेक तीनदा दाब, मग दाबून धर. मी इथला स्क्रू सैल करतो, हवा नळीतून या बाटलीतल्या तेलात येईल. मी ‘घट्ट’ म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचललास तर हवा परत आत, आणि सगळं पहिल्यापासून.

चिमणी : एक, दोन, तीन. धरलं!

आजोबा : आले बुडबुडे बाटलीत... घट्ट. सोड. शाबास! तुझ्या आईला हे कितीतरी दिवस जमलं नाही.

चिमणी : आई पण करायची?

आजोबा : याच उशीवर बसून. माझ्या ट्रकमध्ये. दर वेळी आधीच पाय उचलायची.

चिमणी : म्हणजे वेंधळीच होती!

आजोबा : वेंधळी कसली, मुद्दाम करायची. काम उरकलं की मी ट्रक घेऊन निघायचो, पंधरा-पंधरा दिवस. हवा शिरली की बाबा तासभर जास्त घरी.

चिमणी : तुम्हाला कळायचं?

आजोबा : फार उशिरा कळलं. त्याआधी एकदा रागावलो तिला. रडली नाही. शहाण्यासारखा पाय धरून बसली, आणि मी अगदी वेळेवर निघालो.

चिमणी : आणि नंतर?

आजोबा : नंतर कधी लवकर उचलला नाही तिनं. चल, बोलता बोलता तीन चाकं झाली, हे शेवटचं. दाब.

चिमणी : एक, दोन, तीन. धरलं. आजोबा...

आजोबा : घट्ट. सोड. काय गं?

चिमणी : परवा आईकडून परत निघताना ब्रेक पुन्हा बघावे लागतील ना?

आजोबा : बघू की. नव्या नळ्या आहेत, एकदा हवा काढून घेतलेली बरी.

चिमणी : तेव्हाही उशीवर मीच बसणार.

आजोबा : बस. पाय लवकर उचलला गेला, तर मी काही बोलणार नाही.