बाबांना पाव सूर खाली आणताना

...नाही, तुम्हीच सांगा, वारलेल्या बापाच्या जोडीला साथीला बसायचं ही काय चेष्टा आहे? तुम्हाला सांगतो, ताईचा सत्तरीतला शेवटचा कार्यक्रम, ती गाणार, साथीला बाबांचं व्हायोलिन टेपवर, आणि मी जिवंत, अकॉर्डियन घेऊन. पण टेप थांबत नाही हो. माणूस थांबतो, डोळ्यांनी खुणावतो, सांभाळून घेतो... टेपला डोळे कुठले?

बाबा शिंपी. ताईला लहानपणी एकटीला सराव करता यावा म्हणून त्यांनी ती टेप दुकानातच भरलेली, त्यामुळे मागे शिलाई मशीनची घरघर. साउंडवाल्या बाई म्हणाल्या, "काका, टेप तुमच्यापेक्षा पाव सूर वर आहे. अकॉर्डियनला काही सूर जुळवायच्या खुंट्या नसतात. बाबांनाच खाली आणावं लागेल." आणा म्हटलं, आम्हाला तर जन्मात जमलं नाही. त्यांनी टेपची गती जराशी उतरवली, घरघर काढायला घेतली, तर ताई म्हणते, "सगळी नको, ते आपलं दुकान आहे." मग बाबांना वेगळा स्पीकर, आमच्या मधोमध, जणू खुर्ची टाकून बसलेत, आवाज आमच्याहून मोठा नाही, नाहीतर टेप लगेच उघडी पडते. दुसरा छोटा स्पीकर ताईच्या पायाशी, तिला नीट ऐकू यावं म्हणून. सगळी बडदास्त ठेवली, पण टेप थांबत नाही हो.

एका जागी बाबांनी उगाच सूर लांबवलेला. बाई म्हणाल्या, "कापू का?"

"राहू दे. तिथे माझा दम संपायचा."

"अगं ताई, तेव्हा तू दहा वर्षांची होतीस."

"मग आता काय वाढलाय?"

आणि कार्यक्रमात नेमका तिथेच तिचा दम संपला. माझा भाता अर्ध्यात अडकला, टेप थांबत नाही, टेप थांबत नाही... आणि बाबा थांबले. एकच सूर धरून, पोरीचा श्वास परत येईपर्यंत. ताईने स्पीकरकडे बघून हलकेच मान डोलावली आणि पुढची ओळ उचलली. मला समोरचं काही दिसेना.

शेवटी मागच्या रांगेतले एक गृहस्थ आले. "व्हायोलिनवाले भेटतील का? काय जिवंत हात आहे." ताई नुसती हसली. मग ते माझ्याकडे वळले. मी घामाघूम, अकॉर्डियन अजून गळ्यातच. म्हणाले, "अकॉर्डियनचं रेकॉर्डिंगही बरं होतं."

मी म्हटलं, "जुनी टेप आहे हो."