सोफा बाहेर काढलेलं घर

(हवाईदलाच्या वसाहतीतलं चौदा नंबरचं घर. सकाळ. मुटिंटा फोनवर, शेजारीण ब्वाल्या चुलीपाशी.)

मुटिंटा : सातव्यांदा फोन करतेय, मेजर. माझा नवरा त्या हेलिकॉप्टरमध्ये होता की नव्हता, एवढंच सांगा.

मेजर कपासा : बाई, निवेदन काल संध्याकाळी दिलंय.

मुटिंटा : वाचलं. ‘हेलिकॉप्टरला अडचण आली, परिस्थिती नियंत्रणात आहे.’ इथे माझ्या अंगणात पुरुषांनी शेकोटी पेटवलीय. मयताच्या घरासारखा दिरांनी सोफा बाहेर नेला, बायका जमिनीवर बसून रडतायत. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून गल्लीने मला विधवा ठरवलं.

मेजर कपासा : त्यांना नाव कुणी सांगितलं?

मुटिंटा : ड्यूटीच्या फळ्याचा फोटो फिरतोय. चार नावं, तिसरं माझ्या नवऱ्याचं, हाचिपुका.

मेजर कपासा : तो फळा सोमवारचा.

मुटिंटा : आणि हेलिकॉप्टर बुधवारी पडलं. मधे काय बदललं?

मेजर कपासा : नावं सांगता येत नाहीत. वरून सही यायचीय.

मुटिंटा : कधीपासून यायचीय?

मेजर कपासा : बाई, मीही नोकरीच करतो.

ब्वाल्या : लुयांडोची आई, मीठ कुठे ठेवलंयस? आणि ठेव तो फोन. यांच्याकडे चहालासुद्धा तीन सह्या लागतात, असं माझा नवरा चोला म्हणतो.

मुटिंटा : खिडकीतल्या डब्यात बघ.

ब्वाल्या : सापडलं. चोलाचा फोन लागला की त्यालाच विचारते, तोही तिकडच्याच तळावर आहे. त्याची पाळी पुढच्या आठवड्यात, तोवर झोपा काढत असेल.

मेजर कपासा : कोण बोलतंय तिथे?

मुटिंटा : शेजारची ब्वाल्या. पहाटेपासून माझ्याकडच्या माणसांसाठी मक्याच्या पिठाची न्शिमा घोटतेय.

मेजर कपासा : पंधरा नंबरची?

मुटिंटा : हो. का?

मेजर कपासा : एक मिनिट, यादी बघतो.

मुटिंटा : मेजर?

मेजर कपासा : आमची गाडी तुमच्या गल्लीकडे निघालीय. दोन अधिकारी आणि पाद्री.

मुटिंटा : म्हणजे माझ्याकडे.

मेजर कपासा : ड्रायव्हर नवा आहे. शेकोटी आणि बाहेरचा सोफा दिसला, की तिथेच थांबेल.

मुटिंटा : मग कुठे थांबायला हवं?

मेजर कपासा : हे मी सांगितलं असं कुणाला बोलू नका. तुमचा नवरा तळावरच्या दवाखान्यात आहे. मलेरिया. मंगळवारपासून अंथरुणावर. तिकडे मोबाइलचा टॉवर बंद आहे.

मुटिंटा : जिवंत आहे.

मेजर कपासा : हो.

मुटिंटा : तुम्हाला कधी कळलं?

मेजर कपासा : काल सहा वाजता.

मुटिंटा : काल सहा वाजता माझी मुलगी लुयांडो शाळेचा गणवेश घालून दारात बसली होती. बाबा आले की त्यांनी मला असंच बघायला हवं, म्हणाली. रात्रभर तशीच झोपली.

मेजर कपासा : माफ करा.

मुटिंटा : त्याच्या जागी कोण गेलं?

मेजर कपासा : ते सांगता येत नाही.

मुटिंटा : गाडी कितव्या नंबरला जाणार, ते तरी सांगता येतं?

मेजर कपासा : पंधरा.

मुटिंटा : किती वेळात?

मेजर कपासा : दहा मिनिटं. तिला एकटीला ठेवू नका.

ब्वाल्या : काय म्हणाले गं? तोंड असं का केलंयस? सांगितलं एकदाचं?

मुटिंटा : ब्वाल्या, ते लाकडी उलथनं खाली ठेव. इथे माझ्याजवळ बस.

ब्वाल्या : न्शिमा करपेल की.

मुटिंटा : करपू दे.