तीन डिसेंबरची प्रार्थना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पालक-शिक्षक संघाचे प्रमुख माननीय श्री. धाकू परब, तालुक्याहून वेळात वेळ काढून आलेले अधिकारी साहेब, व्यासपीठावरील पंचमंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती जानकीबाई हरमलकर, आणि समोर बसलेल्या पालकांनो, माजी विद्यार्थ्यांनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी बाईंना दीपस्तंभ म्हटलं, कल्पवृक्ष म्हटलं. मी गुरुदास गावस, या शाळेतला दुसरा मास्तर. बाईंचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एक लाकडी पार्टिशन, तेही वरून उघडं. तेव्हा मला बाई दिसल्या कमी, ऐकू आल्या जास्त. तेवढंच सांगतो.

आपल्या सरकारी शाळांत दिन फार. वरून परिपत्रक येतं, अमुक दिन साजरा करा, फोटो पाठवा. एकात्मता दिनाला इतर शाळा म्हापशाहून भाड्याचे पोशाख आणायच्या. कोणी पंजाबी, कोणी काश्मिरी. बाईंनी मुलांना विचारलं, "आपल्यात पंजाबी कोण आहे गे? आपल्यात चंदगडची आहेत, बेळगावची आहेत, बांद्याची आहेत. घरी असता तशीच या, आणि आयांना घेऊन या." तुयेच्या कारखान्यांत राबणाऱ्या त्या बायका तोवर फाटकाबाहेरूनच परत जायच्या. त्या दिवशी त्या आमच्या बांकांवर बसल्या. एकीनं कानडीतून जात्यावरची गाणी म्हटली. मुलांना शब्द कळला नाही, पण त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं. बाईंचा या दिनांवर विश्वास होता, मंडळी. हे ध्यानात ठेवा.

त्याच बायकांत, शेजारणीबरोबर आलेली, सोनाबाई होती. नवरा भैरू, चंदगडकडचा, पुठ्ठ्यांच्या कारखान्यात कामाला. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. सोनाबाईच्या पदराआड सात वर्षांची पोर, रेश्मा. भैरू म्हणाला, "बाई, हिला ऐकू येत न्हाई. बोलत बी न्हाई. नुसती बसवा कोपऱ्यात, घरी एकटी ऱ्हाती."

बाईंनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही. पणजीच्या बाजूला मूकबधिर मुलांची एक शाळा होती. शनिवारी शाळा सुटली की बाई बस पकडून तिथं जायच्या आणि हातांची भाषा शिकून यायच्या. सोमवारी ती सगळ्या वर्गाला. एकट्या रेश्माला नव्हे, सगळ्या वर्गाला! पार्टिशनपलीकडून मला आवाज येईनासा झाला. वाटलं, बाई रजेवर आहेत. डोकावून पाहतो तर मुलं हातांनी भांडताहेत आणि रेश्मा सर्वांत पुढे. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गातली शांतता पाहून आम्हाला 'काय ही शिस्त!' असा शेरा देऊन गेले. हसा, हसा. बाईही हसल्या होत्या.

रेश्मा चौथीत असताना तीन डिसेंबर आला. अपंग दिन. मुलांनी सगळी प्रार्थना हातांनी म्हटली, मध्यभागी रेश्मा. प्रमुख पाहुणे तेव्हाचे तालुक्याचे साहेब, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माईक घेतला आणि जाहीर केलं, जूनपासून या मुलीसाठी हायस्कुलात खास शिक्षिका येईल. टाळ्या. फोटो पेपरात. भैरूनं तो फोटो कापून खोलीच्या जनेलाच्या काचेला चिकटवला. (नवे साहेब बसलेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये, हे त्यांच्या आधीचं आहे.)

जून आला. शिक्षिका आली नाही. बाई कचेरीत जायच्या. 'प्रस्ताव वर गेलाय' असं ऐकून परत यायच्या. रेश्मा हायस्कुलात जाऊ लागली. तिथं तिच्या शेजारी आमच्याच वर्गातली अमृता बसायची आणि शिकवलेलं हातांनी तिला सांगायची. तिथल्या सरांना वाटलं, पोरी खेळताहेत. त्यांनी दोघींना वेगवेगळ्या बांकांवर बसवलं. वाईट माणूस नव्हता तो. वर्ग भरगच्च, त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. रेश्मा फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवायची. अर्थ? अर्थ कोण सांगणार?

गणपतीची सुट्टी संपली आणि एका सकाळी रेश्मा हायस्कूलच्या गणवेशात आमच्या दारात उभी. आत आली आणि चौथीत आपल्या जुन्या जागेवर बसली. बाईंनी तिला उठवलं नाही. हजेरीत नाव नाही, काही झालं तर जबाबदार कोण, हे सगळं त्यांना माहीत होतं.

पुन्हा डिसेंबर जवळ आला. फोन आला, "तालुक्याचा कार्यक्रम आहे, त्या मुलीला आणा, ती प्रार्थना फार छान करते." बाई जाणार नव्हत्या. पण रेश्मा हट्टाला पेटली. गेल्या वेळी प्रार्थनेनंतर साहेबांनी नवी बाई द्यायचं कबूल केलं होतं ना? मग आता परत केली तर देतील, असा तिचा हिशेब.

तिनं प्रार्थना केली. पाहुणे तेच. कार्यक्रम संपल्यावर ती त्यांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली आणि हात हलवू लागली.

"काय म्हणते ती?"

बाई म्हणाल्या, "विचारते, माझी बाई कधी येणार?"

"सांगा तिला, लवकरच."

मी शेजारी होतो. रेश्मा बाईंच्या हातांकडे बघत होती. बाईंनी हात हलवले नाहीत. गाडी गेली.

त्या उन्हाळ्यात भैरूचं काम सुटलं आणि ते कुटुंब गावी परतलं. दोन वर्षांनी बाई मला म्हणाल्या, "चल, बघून येऊया." आम्ही चंदगडला गेलो. रेश्मा काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसली होती. बोटं चिकानं काळी, कातडी सोललेली. बाईंना पाहून उठली, मिठी मारली. बाई हातांनी बोलू लागल्या. रेश्मानं उत्तराला हात वर केले आणि ते तसेच थांबले. तिला शब्द सापडेनात. दोन वर्षं त्या गावात तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं. तिनं डोळे पुसले, मान हलवली आणि परत बिया फोडायला बसली.

परतीच्या बसमध्ये बाई म्हणाल्या, "गुरुदास, तिका मी शिकवला नसता तर बरा झाला असता काय रे?"

काय उत्तर द्यायचं? तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही. बाई आज निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी अजून कोणाची नेमणूक नाही, आणि हातांची भाषा मला अर्धीमुर्धीच येते.

बाई, निरोपाच्या दिवशी गोड बोलावं ही रीत, ती माझ्याकडून मोडली. आपल्या आनंदात मिठाचा खडा टाकला, त्याबद्दल आपण आणि सभेनं मला पदरात घ्यावं. एवढा वेळ ऐकून घेतलंत, आयोजकांनी बोलू दिलं, आपला ऋणी आहे. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल, तर जाण्याआधी त्यांना सांगून जा. मी बसतो.