दहा कोटी वर्षांचा एक मीटर

बाबा: ...म्हणून म्हटलं, ताई, आज लेकीचा दाखला घेऊनच जावं. दुसऱ्या शाळेत सोमवारपासून जागा आहे.

ताई: तिला सांगितलंत?

बाबा: संध्याकाळी सांगेन. आठ वर्षांची झाली हो! रोज विचारतो, आज शाळेत काय शिकवलं? रोज एकच उत्तर, काही नाही. शेजारची पोरं पाढे घडाघडा म्हणतात, आणि आमचं रत्न हवेत बघत जेवतं.

ताई: खोटं नाही बोलत ती. इथे फळ्यापाशी उभं राहून कुणी शिकवत नाही. मी एखादी गोष्ट सांगते, साधन कसं हाताळायचं ते दाखवते आणि बाजूला होते. पुढचं मुलं शोधतात. त्याला आम्ही काम म्हणतो. काय काम केलंस, असं विचारून बघा. ताटातलं गार होईल, पण तिचं संपणार नाही.

बाबा: हा शब्दांचा खेळ झाला, ताई.

ताई: असेल. मी अडवणार नाही. दाखला लिहीपर्यंत व्हरांड्यात तिच्याकडे जाऊन या. फक्त तिला घाई करू नका.

(व्हरांडा. जमिनीवर काळ्या कापडाची पट्टी, पार अंगणापर्यंत अंथरलेली.)

मुलगी: बाबा, हळू. तिथे अजून समुद्र झालेला नाही.

बाबा: कुठे?

मुलगी: तुझ्या पायाशी. सगळं गरम आहे. ही पट्टी म्हणजे पृथ्वीचं वय. पंचेचाळीस मीटर. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं.

बाबा: हे ताईंनी सांगितलं?

मुलगी: पृथ्वीची गोष्ट ताईंनी सांगितली. मीटरचं आम्ही तिघींनी काढलं. आधी एक शून्य खाल्लं, तर मासे पृथ्वीच्या आधीच पोहायला लागले.

बाबा: मग?

मुलगी: मग खूप हसलो. मग परत भागाकार केला.

बाबा: एवढा मोठा भागाकार? तू?

मुलगी: चार दिवस लागले. चल, दाखवते. हात दे. इथून कितीतरी वेळ कुणीच नसतं, बघ. नुसतं पाणी. मला इथेच फार आवडतं. घरी जेवतानासुद्धा मी इथेच असते.

बाबा: मला वाटायचं, तू कुठेच नसतेस. भीती वाटायची गं.

मुलगी: मासे आले. शेवटून पाच मीटर.

बाबा: आणि आपण कुठे?

मुलगी: लांब आहोत अजून. टोकाला ती लाल रेघ आहे ना, त्यात सगळी माणसं.

ताई: दाखला झाला लिहून. सही तेवढी करा.

मुलगी: कसला दाखला, बाबा?

बाबा: ताई, राहू दे तो. आम्ही अजून माशांपाशीच आहोत.