न दिलेली गोळी

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न – अधिकार येतो कुठून? उभं राहायच्या जागेतून, की हातून घडणाऱ्या सेवेतून? लगेच उत्तर देऊ नका, आधी गोष्ट ऐका!

उमरग्यात बसस्टँडसमोर औषधाचं दुकान. गल्ल्यामागे वैजयंता बिराजदार. शिकलेली फार्मासिस्ट! पण लोक काय म्हणायचे? ‘मेडिकलवाली बाई’! काहीजण तर तिच्याकडे सुट्टे पैसेच मागायचे. हसताय? तुम्हीच ते!

तिच्या मनात एक ओढ – हृदयरोगाच्या औषधांतली मोठी तज्ज्ञ-परीक्षा द्यायची. अट काय? रुग्णसेवेचा अनुभव. मैत्रीण म्हणाली, “अगं, ते इस्पितळातल्यांसाठी असतं. दुकानदारांना कोण बसू देतंय?” वैजयंता खट्टू झाली. तरी अर्ज केलाच. पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं.

समोर तीन परीक्षक. एकानं सरळच विचारलं, “दुकानात विक्री होते. रुग्णसेवा कुठली?”

तिच्या मनात आलं हो – खरंच की, मी आयुष्यभर विकलंच! तेवढ्यात मधल्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “एखादा माणूस आठवतो का? त्याचं सांगा.”

आठवला! मारुतीअप्पा कुंभार. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी चालू. एका दुपारी आले, “पोरी, गुडघा ठणकतोय, ती नेहमीची दुखण्याची गोळी दे.”

“नेहमीची? कुठून घेता, अप्पा?”

“मिळते कुठंही. दे लवकर!”

“नाही देणार. दोन्ही गोळ्या एकत्र आल्या की आत रक्त वाहतं.”

“पैसे देतोय की! फुकट मागतोय का?”

गिऱ्हाईक बघताहेत. अप्पा तावातावानं बोलताहेत. आणि ही? हळूच जवळ जाऊन विचारते, “अप्पा, शौचाला काळं होतंय का?”

अप्पांचा चेहरा उतरला! “तुला कसं कळलं गं?”

मंडळी, आत रक्त वाहत होतं! तिनं शटर ओढलं, अप्पांना रिक्षात घातलं आणि थेट इस्पितळ गाठलं!

अध्यक्षीणबाई पुढे झुकल्या. “म्हणजे तुम्ही त्यांचा जीव वाचवलात.”

आता ऐका हं! ती काय म्हणाली?

“नाही, बाई. वाचवला डॉक्टरांनी. मी गोळी दिली नाही, आणि विचारलं. एवढंच.”

तो पहिला प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकानंच नियम पुन्हा वाचला. म्हणाला, “यात रुग्णसेवा लिहिलंय. भिंती कुठल्या, ते लिहिलेलं नाही.”

पात्र ठरली! अहो, नुसती परीक्षेला बसायला पात्र! पुढे दुकान सांभाळून अभ्यास केला, एकदा नापास झाली, पुन्हा बसली – आणि उत्तीर्ण! अप्पांनी दुकानातल्या अख्ख्या रांगेला पेढे वाटले. मला तर सांगताना अंगावर काटा येतो हो! विकण्याच्या जागी उभी राहून जिनं न विकण्यात सेवा पाहिली, तिचा अधिकार केवढा!

आणि आपण? देवाजवळ जायला जागा शोधतो – पुढची रांग, जवळचा खांब! अरे, उद्या तुमच्यासमोर कुणीतरी उभं राहील. घाईत असेल, चिडलेलं असेल. त्याला काय दिलंत, हे जग मोजेल. पण जवळ जाऊन विचारलंत का – हे देव विचारेल! बोला, काय सांगाल?